पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते: भाड्याच्या घरातली सागवानी माडी

तक्रार दरवर्षी तीच असते. मे महिन्यात माडीवरच्या फळ्यांत एवढ्या फटी पडतात, की वर तूर निवडायला बसलं तर दाणे खालच्या खोलीत गळतात आणि रात्री खालचा दिवा वरून दिसतो. मग जुलै-ऑगस्टात झड लागली की त्याच फळ्या एकमेकींना रेटू लागतात. कडा वर येतात, दार घासतं, मध्यरात्री फट्टकन आवाज होतो आणि सकाळी एखादा खिळा डोकं वर काढून बसलेला दिसतो. घरमालक म्हणतो, तुम्ही पाणी सांडता. भाडेकरू म्हणतो, लाकूडच सडकं आहे. वाढई, म्हणजे सुतार, म्हणतो, फटी बुजवून देतो. पहिल्या दोघांचं बहुतेक वेळा चुकलेलं असतं, आणि तिसऱ्याचं उन्हाळ्यात ऐकलं तर पुढच्या पावसाळ्यात माडी आणखी वर येते.

गडचिरोली-चंद्रपूरपासून भंडारा-गोंदियापर्यंत जुन्या घरांना अशी माडी सापडते. जंगल जवळ, सागवान हाताशी, म्हणून आजोबा-पणजोबांनी वरच्या मजल्याला आठ-आठ, दहा-दहा इंची सलग फळ्या घातल्या. आज तेवढ्या रुंदीची फळी घ्यायला निघालात तर भाव ऐकूनच परत याल. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली सागवान गेलं ते याच भागातून, बल्लारपूरहून. मालक मंडळी नागपूर-पुण्याला गेली आणि या माड्या शिक्षक, आरोग्यसेविका, वनरक्षक, बँकेतली माणसं यांना भाड्यानं मिळू लागल्या. मीही त्यांतलीच. काही माड्यांत फळ्यांवर मातीचा थर आणि वर शेणाचं सारवण असतं. त्यांचं दुखणं निराळं. इथं बोलतेय ते उघड्या फळ्यांबद्दल.

फुगतं कशानं

झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी लाकूड हवेतला ओलावा घेणं-सोडणं थांबवत नाही. हवेची आर्द्रता 25 टक्क्यांच्या आसपास बराच काळ राहिली तर लाकडातलं पाणी 5-6 टक्क्यांवर येतं. आर्द्रता 80 च्या वर राहिली तर ते 16 च्या पुढे जातं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा 45 च्या वर आणि हवा एवढी कोरडी की ओलं फडकं दोरीवर टाकता-टाकता वाळतं. तीन महिन्यांनी तीच खोली, तीच फळी, आणि हवेत आर्द्रता 90 टक्के.

याचा हिशेब फळीच्या रुंदीवर करायचा. 200 मिलिमीटर रुंद, म्हणजे आठ इंची सागवानी फळीत ओलावा 10 टक्क्यांनी वाढला की ती 4 मिलिमीटरपर्यंत रुंद होऊ शकते. खोलीत अशा 15 फळ्या असल्या तर झाले 60 मिलिमीटर. प्रत्यक्षात लाकूड हवेच्या मागून रेंगाळत जातं, त्यामुळे एवढं होत नाही. पण निम्मं धरलं तरी इंचाच्या वर जातं, आणि दोन्ही बाजूंना भिंत आहे. हा इंच जाणार कुठं? वर.

फळीचं टोक बघायला मिळालं तर जरूर बघा. वाढीच्या रेषा आडव्या पसरलेल्या असतील तर ती फळी जास्त हलणार. उभ्या असतील तर जवळपास निम्मीच हलते. जुन्या माड्यांत दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी ठोकलेले असतात, म्हणून एक फळी शहाण्यासारखी बसलेली आणि लगतची उचललेली असं चित्र दिसतं. त्यात लाकूड खराब असण्याचा काही संबंध नाही. दुसरी गोष्ट, लाकूड लांबीच्या दिशेनं जवळजवळ हलतच नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

माझी मावसबहीण अलिबागला भाड्यानं राहते. तिच्याकडंही लाकडी फ्लोअरिंग आहे, बंगला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिनं फोनवर मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, हवेतला ओलावा ओढणारं मशीन घे, खिडक्या बंद ठेव, चटई उचलून खालची बुरशी पूस. तिच्या घराला ते बरोबर आहे. तिकडे मे महिन्यातही हवा दमटच असते, लाकूड वर्षभर ओलं राहतं, आणि एकदा त्या ओलाव्यावर बसलं की फारसं हलत नाही. तिचे खरे शत्रू म्हणजे बुरशी आणि खारी हवा. मीठ ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे खिळे, बिजागऱ्या, स्क्रू गंजून फळी सुटी होते. आपल्याकडे खिळा चाळीस वर्षं जुना असला तरी बहुधा धडधाकट निघतो. आपला त्रास ओलाव्यापेक्षा ओलाव्याच्या चढ-उताराचा. म्हणून दुरुस्ती कशानं करायची याच्या आधी ती कोणत्या महिन्यात करायची हे ठरवावं लागतं. समुद्रकाठी हा प्रश्न एवढा येत नाही, इथं सगळं त्यावरच अडतं.

आधी निदान

दोन शेजारच्या फळ्यांवर, फटीच्या आरपार, पेन्सिलनं एक आडवी रेघ मारा आणि बाजूला तारीख व फटीची रुंदी लिहा. खोलीत चार जागी तरी: मध्ये, खिडकीशी, न्हाणीच्या भिंतीशी, जिन्याच्या तोंडाशी. नवतपा, म्हणजे मे संपतानाचे नऊ तापते दिवस, सरला की एकदा मोजायचं, पोळ्याच्या सुमारास एकदा, दिवाळीनंतर एकदा. स्टीलची पट्टी पुरते. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ काही शे रुपयांत मिळतं. ते भिंतीला टांगलंत तर मालकाशी बोलताना फार उपयोगी पडतं, कारण आकडा दाखवला की आवाज चढत नाही.

चारही जागी फटी उन्हाळ्यात उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात असं दिसलं तर तो ऋतूचा खेळ आहे. पण फट फळ्यांच्या मध्ये न पडता फळीच्या टोकाशी, जिथं दोन फळ्या तुळईवर भेटतात तिथं रुंदावत असेल, तर सावध व्हा. लांबीत लाकूड हलत नाही, म्हणजे खालची तुळई किंवा भिंत हलली आहे. तिथं खाट, कपाट, धान्याचं पोतं काही ठेवू नका आणि मालकाला त्याच दिवशी कळवा.

एकाच कोपऱ्यात फळ्या उचलल्या असतील तर तिथं पाणी कुठून तरी येतंय. वरून येत असेल तर बहुतेक कवेलू, म्हणजे छपराची कौलं, सरकलेले असतात, आणि कवेलू सरकवणारे कोण हे सांगायला नको. वानरांची टोळी एका सकाळी छपरावरून गेली की वर्षाची मेहनत पाण्यात. मृगाआधी कवेलू फेरून घेणं हे माडीच्या दृष्टीनं कोणत्याही पॉलिशपेक्षा मोठं काम. पावसात वर टॉर्च मारत बसण्यापेक्षा पहिल्या सरीनंतर फळीवर खडूनं ओल्या डागाची कड आखून ठेवा; पुढच्या सरीला डाग त्या रेषेबाहेर गेला तर गळती चालू आहे.

कूलरच्या खिडकीजवळच फळ्या काळ्या पडून वर आल्या असतील, तेही ऐन मे महिन्यात, तर गुन्हेगार समोर उभा आहे. खोलीच्या एका टोकाला लाकूड 5 टक्क्यांवर सुकलेलं आणि कूलरच्या तोंडाशी रात्रभर ओली हवा. त्यात टाकी काठोकाठ भरली की शिंतोडे. मग एकाच खोलीत अर्ध्या फळ्या उन्हाळ्यात आणि अर्ध्या पावसाळ्यात राहतात. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवा, तोंड किंचित वर करा, समोरचं दार उघडं ठेवून हवा पार जाऊ द्या. कूलरला अशी वाट लागतेच, नाहीतर खोली नुसती चिकट होते.

फळी पन्हाळीसारखी झाली असेल, म्हणजे दोन्ही कडा वर आणि मध्य खोल, तर ओल खालून येते आहे. वरच्या बाजूला पॉलिश किंवा तेल असतं, खालची बाजू कोरी असते; खालच्या खोलीत चूल असेल, भाताचं आधण दोन वेळा असेल, तर सगळी वाफ फळीच्या पोटाला लागते. स्वयंपाकघराचं धुराडं किंवा एक्झॉस्ट फॅन नीट चालला तर वरची खोली निम्मी सुधारते. झडीच्या दिवसांत खालच्या खोलीत दोरीवर धुणं वाळत घालणंही तेच करतं. कपड्यांतलं सगळं पाणी हवेत जातं आणि लाकूड ते घेतं.

फळीवर टिचकी मारली आणि पोकळ आवाज आला, तुळईच्या बाजूनं मातीची बारीक नळी भिंतीवर चढताना दिसली, तर ती उधई, म्हणजे वाळवी. जुन्या सागाच्या तपकिरी गाभ्याला उधई सहसा लागत नाही, पण फळीच्या कडेला जो पांढुरका पट्टा असतो तो तिला चालतो. त्याच पट्ट्यात सुईच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर घूण. दोन्हींचं औषध करणारी माणसं वेगळी, आणि हे काम फळ्या परत बसवण्याच्या आधी उरकायचं.

झडीत माडी उचलली तर

करू नये अशी गोष्ट आधी सांगते, कारण तीच सगळे करतात. उचललेल्या फळीवर तांदळाची पोती ठेवून ती दाबत नाहीत. फळी शेजारच्या फळ्यांत अडकलेली असते. वरून वजन आलं की ती उभी चिरते किंवा खिळ्यासकट तुळईचा कपचा उडतो.

भिंतीलगतची एक फळी काढायची. बहुतेक माड्यांत ती शेवटची फळी अरुंद असते आणि तिच्यावर फारसा भार नसतो. ती निघाली की बाकीच्यांना सरकायला जागा मिळते, आणि मधला उंचवटा काही दिवसांत आपोआप खाली बसतो. काढलेल्या फळीच्या पाठीवर खडूनं जागा आणि दिशा लिहा, नाहीतर दिवाळीत ती कोणत्या अंगानं होती यावर घरात वाद. रिकाम्या झालेल्या पट्टीवर प्लायवूडचा तुकडा सुटाच टाका, लहान मुलाचा पाय जायला नको.

झड चालू असताना खिडक्या उघडून ओल जाईल ही आशा करू नका. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. उघाड पडली, ऊन आलं की सगळं सताड उघडा आणि पंखा लावा, ढग भरले की बंद करा. पोछा पिळून, जवळजवळ कोरडा मारायचा. फळ्यांवर मेणकापड किंवा पीव्हीसी शीट अंथरलं असेल तर गुंडाळून ठेवा. फटी झाकायला ते बरं दिसतं, पण खालून आलेली ओल त्याच्याखाली कोंडते आणि चार महिन्यांत वास येऊ लागतो.

आणि रंधा मारू नका. पावसाळ्यात वर आलेल्या कडा तासून जमीन सपाट केली की उन्हाळ्यात त्याच फळ्या सुकून बसतात आणि मध्यभाग उंच, कडा खोल अशा होतात. तासलेलं लाकूड परत येत नाही. आमच्याकडे काम करणारे वाढईकाका याबाबतीत हट्टी आहेत. ऑगस्टात बोलावलं तर फळीवर हात फिरवतात, चहा घेतात आणि म्हणतात, "काहून घाई करता मॅडम, पोळा होऊ द्या ना. पोळा अन् पाऊस झाला भोळा." पैसे मिळत असताना काम नाकारणारा कारागीर भेटला की मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

दुरुस्ती, आणि तिचा महिना

दसरा ते डिसेंबर हा काळ धरा. लाकूड ना पूर्ण फुगलेलं ना पूर्ण सुकलेलं, मधल्या मापाला असतं. याच वेळी उचकटलेल्या फळ्या काढून परत बसवायच्या. भिंतीपासून 10-12 मिलिमीटर जागा सगळ्या बाजूंनी मोकळी सोडायची आणि ती झाकणारी पट्टी भिंतीला ठोकायची, फळीला नाही. रुंद फळीला दोन्ही कडांना घट्ट खिळे मारले तर ती आकसताना मधून चिरते. एक कड पक्की, दुसऱ्या कडेला स्क्रू आणि त्याचं भोक थोडं लांबट, म्हणजे फळीला श्वास घेता येतो. वाढई याला "ढील देणं" म्हणतात. पहिल्यांदा सांगितलं तर नव्या पोरांना ते काम कच्चं वाटतं.

फटींचं काय? भुसा आणि फेविकॉल कालवून भरलेली फट आठवडाभर सुंदर दिसते. मे महिन्यात भरली तर ऑगस्टात फळीला मिटायला जागाच राहत नाही, आणि उंचवटा तिथून सुरू होतो. ऑगस्टात भरली तर मे महिन्यात फळी आकसते आणि भरलेला पट्टा सुटून खाली, बहुतेक कुणाच्या तरी ताटात पडतो. लांबी (फटी भरायचा लगदा), पुट्टी, इपॉक्सी, सगळ्यांची गत तीच, फक्त किंमत वेगळी.

त्यापेक्षा सुतळी. अंबाडीची किंवा तागाची, फटीपेक्षा किंचित जाड. मेण आणि जवसाचं तेल कोमट करून त्यात भिजवायची, निथळू द्यायची आणि बोथट पटाशीनं फटीत दाबायची. फट मिटली की ती दबते, उघडली की थोडी फुलते, आणि नको झाली तर ओढून काढता येते. भाडेकरूला हे शेवटचं महत्त्वाचं, कारण मालकाच्या घरात कायमचं काही केलेलं नसतं. फट फारच रुंद असेल तर खालच्या खोलीतून, छताच्या बाजूनं, फटीवर पातळ लाकडी पट्टी लावायची. ती एकाच फळीला ठोकायची, दोन्हींना ठोकली की परत मूळ पदावर. तेवढ्यानं धूळ आणि दाणे गळणं थांबतं, आणि विंचवाची वाटही बंद होते.

तेलाचं सांगायचं तर आपल्या भागात जवस होतो, तेल घाण्यावर मिळतं. ते पातळ हातानं, दोन्ही बाजूंनी लावलं तर लाकूड ओलावा हळू घेतं आणि हळू सोडतं; थांबवत नाही, पण झटका कमी होतो. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस लागतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर लावू नये, चिकट राहून बुरशी धरते. हिवाळ्यातली कोरडी थंडी उत्तम. फळी उचकटली असेल तर पोटाची बाजू आधी तेलवा. वरच्या बाजूला चार हात आणि खाली कोरं, यानंच फळी पन्हाळी होते.

तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेली फडकी काडी न लावता पेट घेऊ शकतात. अंगणात एकेक पसरून वाळवा किंवा बादलीभर पाण्यात बुडवा. लाकडी माडीच्या घरात हे मी दोनदा सांगायला तयार आहे.

मालकाशी बोलताना

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू आहे. बहुतेक खेडी त्यात येत नाहीत. तिथं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 चं कलम 108 बघायचं. मालकावर जी दुरुस्ती बंधनकारक आहे ती त्यानं कळवूनही वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो, असं ते कलम सांगतं. मेख "बंधनकारक आहे" या शब्दांत आहे. ते बंधन करारातून यायला हवं. म्हणून अकरा महिन्यांचा करार करताना एक ओळ घालून घ्या: छप्पर, तुळया आणि माडीच्या फळ्या यांची दुरुस्ती मालकाकडे, रोजची निगा भाडेकरूकडे. म्हाताऱ्या मालकाचा, काकाजींचा, तोंडी शब्द सोन्याचा असतो हे मान्य, पण घराचा कारभार कधी त्यांच्या पुण्याच्या मुलाकडे गेला तर त्याला तो शब्द माहीत नसतो.

त्याच कलमात भाडेकरूची बाजूही आहे: घर घेतलं त्या स्थितीत परत करायचं, वापरामुळे होणारी स्वाभाविक झीज वगळून. ऋतूनं पडलेल्या फटी त्या झिजेत बसतात. कूलरच्या पाण्यानं काळी पडलेली फळी बसत नाही, तिचे पैसे मालकानं मागितले तर द्यावे लागतील.

घर ताब्यात घेताना फोटो काढणारे बरेच असतात, पण ऑगस्टात काढलेले फोटो घेऊन मे महिन्यात घर सोडलंत तर मालकाला तुम्ही फळ्या फाडल्या असंच वाटेल. म्हणून पहिल्या वर्षात दोन्ही ऋतूंचे फोटो काढून, पेन्सिलच्या रेघा आणि तारखा दिसतील असे, मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. शक्य असेल तर घर सोडायची तारीख दिवाळीनंतरची ठेवा. तेव्हा फटीही नसतात आणि उंचवटाही नसतो, आणि डिपॉझिटचा हिशेब एका चहात होतो.